जड वल्हं

प्रिय उंटा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. काकूंना विचारलं की त्या म्हणतात, झोपली आहे गं. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, दिवेलागणीलाही झोपलेली. एवढी झोप आपल्या दोघींना मिळून गेल्या सगळ्या वर्षांत मिळाली नसेल. काकूंना बिचाऱ्यांना खोटं बोलायची सवय नाही. त्या बोलत असताना मागे तुझं खाकरणं ऐकू येतं मला, आणि ते मी कुठेही ओळखेन. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येईल, पण वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस. बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुडा न फोडणारी बाई तू. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आधीच सांगून टाकते, मी चिडलेली आहे. तुझ्यावर, सरांवर, डॉक्टरांवर, माझ्या मामावर, आणि कालपासून तर सगळ्या जगावरच. मध्येच कुठे माया आल्यासारखी वाटली तर ती जुनी सवय समज आणि पुढे वाच. नौकानयन संघटनेच्या कचेरीतल्या टायपिस्टबाई परवा बाजारात भेटल्या. टोमॅटो निवडता निवडता त्यांनी मला सांगितलं, की पुढच्या आठवड्यातल्या सुनावणीत तू काय बोलणार ते ठरलंय. तपासणीत सापडलेलं औषध ज्या पावडरीतून आलं, ती तू स्वतः कुठल्याशा दुकानातून आणलीस, तिच्यात काय मिसळलंय ते तुला ठाऊक नव्हतं, सरांना यातलं काही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांना तर नाहीच नाही. असं बोललीस की बंदी थोडी कमी होणार, आणि बंदी संपली की लहान मुलींना शिकवायचं काम तुला मिळणार. सरांनी तसा शब्द दिलाय म्हणे. मी टोमॅटो तिथेच टाकून घरी आले. बिस्किटाचा पुडा वाचणारी तू, आणि तुला ठाऊक नव्हतं! अगं, खोटंच बोलायचं तर निदान तुला शोभेल असं तरी बोल.

तुला आठवतं, सरांनी आपल्याला पहिल्यांदा एका बोटीत बसवलं तो दिवस? तू ताडमाड, मान पुढे काढून चालणारी, म्हणून सगळ्या तुला उंट म्हणायच्या. मी तुझ्या मागे बसणार आणि मागून सूचना देणार, म्हणून मी उंटावरची शहाणी. त्या नावांवर आपण इतकं हसलो की बोट कलंडली आणि दोघी पाण्यात. सर धक्क्यावरून ओरडत होते आणि त्यांनाही हसू आवरत नव्हतं. तेव्हा हसायचे ते. मला ते सरही आठवतात, म्हणून जास्त राग येतो. आपल्याला पोहता येतं का हे विचारायच्या आधी स्वतःचे बूट काढून तयार झालेले सर, पहिल्या शर्यतीनंतर आपल्या हातांचे फोड स्वतः पुसणारे सर. तो माणूस खोटा नव्हता. तो कुठे गेला हेच मला कळत नाही.

मामाला मी अजून आपला खेळ समजावून सांगते. त्याला वाटतं आपण मासे धरायला जायचो. मी त्याला सांगते, मामा, ही दोघींची बोट, पण प्रत्येकीच्या हातात एकच वल्हं. पुढचीचं एका बाजूला, मागचीचं दुसऱ्या बाजूला. दोघींनी सारखा जोर लावला तर बोट सरळ जाते. एकीने जास्त ओढलं की बोट वळते. मग मागे बसलेली मी काय करणार, तर माझ्या उजव्या बुटाला बोटीखालच्या छोट्या सुकाणूची तार बांधलेली असते, मी चवडा जरा फिरवून बोट पुन्हा सरळ करणार. पण सुकाणू फिरवलं की ते पाण्याला अडतं आणि वेग जातो. म्हणजे चांगली जोडी कोणती, तर जिच्यात मागचीचा पाय नुसता बुटात असतो. मामा हे सगळं शांतपणे ऐकतो आणि विचारतो, बरं, पण नंबर कितवा आला?

नंबर चौथा आला होता. तू हे विसरली नसशील, आणि तुला कोणी विसरूही दिलं नाही. जगातल्या चौथ्या, उंटा! जगात एवढी माणसं, एवढं पाणी, आणि आपल्यापुढे फक्त तीन बोटी. मी शर्यत संपल्यावर आनंदाने रडत होते आणि तू खाली मान घालून बसली होतीस, कारण तू माझ्याआधी शहाणी झाली होतीस. विमानतळावर उतरलो तेव्हा फुलं घेऊन माणसं उभी होती. आपण हात वर केले, आणि ती माणसं आपल्याला ओलांडून मागून येणाऱ्या कुस्तीच्या पोरांकडे धावली. त्यांतल्या एका बाईने तुला बाजूला सरकायला सांगितलं, फोटोत तुझं डोकं येत होतं म्हणून. घरी आले तर मामा म्हणाला, चौथा नंबर म्हणजे काय, पाहुण्यांना दाखवायचा की झाकून ठेवायचा? तो चेष्टा करत होता. चेष्टेतच तर माणसं खरं बोलतात.

आणि तुझ्या घरी तर चेष्टाही नव्हती. तुझ्या नोकरीचं घोडं त्याच पदकापाशी अडलं होतं. वीज कंपनीच्या साहेबांनी गोड हसून सांगितलं होतं, पदक आणा, दुसऱ्या दिवशी कायम करतो. काकांनी शाळेची बस चालवायचं सोडलं होतं, कंबर गेली म्हणून, आणि तुझ्या धाकट्या भावाचं शिक्षण तुझ्या त्या तात्पुरत्या पगारावर चाललं होतं. बातमीत आपल्याबद्दल एक ओळ आली, तीत लिहिलं होतं, निराशा. मला आठवतं, तू ती ओळ पुन्हा पुन्हा वाचलीस आणि घडी करून खिशात ठेवलीस. सगळ्यांना आपल्याकडून फक्त एका बोटीचं अंतर हवं होतं, जास्त नाही. कोणी तुला औषध घे असं म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, की जशी आहेस तशी पुरत नाहीस.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बोट वळायला लागली. तू हे कुठल्याच सुनावणीत सांगणार नाहीस, म्हणून मी इथे लिहून ठेवते. सुरुवातीला मला वाटलं वारा असेल. मग वाटलं सुकाणू वाकलंय, ते बदलून घेतलं. बोट वळतेच. रोज सकाळी निघालो की थोड्या वेळात नाक माझ्या बाजूला, आणि मी चवडा फिरवून फिरवून ती सरळ करतेय. शेवटी मी बुटात रबराचा तुकडा घडी करून कोंबला, म्हणजे पाय सारखा फिरलेलाच राहील. पोटरीत गोळे यायचे. सरांनी धक्क्यावरून ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर मला झाडलं, की तुझं अंग कमी पडतंय, ती ओढतेय आणि तू फुकट बसून येतेस. आपल्या धंद्यात हेच चुकतं बघ. बोट वळली की चूक कमी पडणारीची. दुसरीच्या अंगात एवढा जोर एकाएकी कुठून आला, हे विचारायची पद्धतच नाही. मीही विचारलं नाही. मी दुप्पट वजनं उचलली, दुप्पट जेवले, आरशात स्वतःचे दंड बघून रडले, आणि तरी बोट माझ्याच बाजूला वळत राहिली. तू पुढे बसून ओढत होतीस. एकदाही मागे वळून म्हणाली नाहीस, की अगं शहाणे, तू कमी पडत नाहीस.

मग एक दिवस सरांनी पाना काढला. वल्ह्याच्या दांड्यावर जे कडं असतं ना, जे बोटीच्या आधाराला टेकतं, ते त्यांनी तुझ्या वल्ह्यावर हाताच्या बाजूला सरकवलं, घट्ट केलं आणि तिथे लाल पट्टी चिकटवली. कडं इकडे आलं की पाण्याकडचा भाग लांबतो आणि वल्हं ओढायला जड होतं. माझं होतं तसंच ठेवलं. त्या दिवसापासून बोट सरळ जायला लागली आणि मी रबराचा तुकडा फेकून दिला. मला केवढं हायसं वाटलं होतं! आता विचार करते तेव्हा हसू येतं, कडू हसू. एखाद्या पोरीच्या अंगात एका हिवाळ्यात वल्हं बदलावं लागेल एवढी ताकद आली, तर कुठलाही गुरू विचारेल, की बाई, काय खातेस? सरांनी विचारलं नाही, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. आणि आता ते म्हणतात, तुझ्यात काही फरक जाणवलाच नाही. जाणवला नाही, तर पाना कशाला काढला?

मला तुझा चेहरा शर्यतीत कधी दिसला नाही, पण तुझी पाठ मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. त्या हिवाळ्यात तिच्यावर पुळ्या यायला लागल्या. खांद्यांवर आधी, मग मानेखाली, लालभडक. तू म्हणालीस, नवीन साबण. आवाज घोगरा झाला, म्हणालीस सर्दी. पाळी थांबली, म्हणालीस बरं झालं, कटकट गेली. एकदा बाटलीचं झाकण उघडत नव्हतं म्हणून तू बाटली भिंतीवर फोडलीस आणि नंतर काचा गोळा करताना इतकी रडलीस की मला कळेना कोणाला आवरू. मी खेळाडू आहे, मूर्ख नाही. पण मैत्रीण असले की मूर्ख व्हायला वेळ लागत नाही.

आणि मला का नाही दिलं, हा प्रश्न तू स्वतःला विचारला असशील. मला विचारलं होतं गं. डॉक्टरांनी एकदा खोलीत बसवून, थकवा लवकर जाण्यासाठी काही टोचून घेशील का, असं आडून आडून विचारलं आणि बर्फाच्या डब्यातून एक बाटली काढली. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. नुसती सुई बघून मी खुर्चीवरून खाली. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर पंखा घालत होते आणि सर दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. पुन्हा कोणी विषय काढला नाही. त्यामुळे आता लोक मला जेव्हा म्हणतात, तू किती स्वच्छ, तू किती तत्त्वाची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तत्त्व कसलं डोंबलाचं! गोळी असती आणि पाण्याबरोबर दिली असती, तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. म्हणूनच मला तुझा राग पूर्ण करता येत नाही. अर्ध्यावर येऊन तो दुसऱ्यांकडे जातो.

पदक मिळालं, मग काय विचारता! तीच बाई फुलं घेऊन पुढे, तेच साहेब हस्तांदोलनाला. थंड पेयवाल्यांनी आपल्या हातात त्यांच्या बाटल्या देऊन फोटो काढले. तुझ्या शाळेने व्यायामशाळेला तुझं नाव दिलं. मामाने आपला फोटो मोठा करून बैठकीत लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपला खेळ इतका बरोबर समजावून सांगू लागला, की माझाच विश्वास बसेना. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. फक्त कळून घ्यायला पदक लागत होतं. तू कायम झालीस. काकांनी कमरेवर उपचार सुरू केले. त्या दिवसांत तू एकदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, शहाणे, हे सगळं परत नाही ना घेणार कोणी? मला वाटलं नजर लागायची भीती वाटते तुला.

परत घेतलं. तुझ्या तपासणीचा निकाल आला, आणि जोडीचं पदक म्हणून माझंही गेलं. पदक पेटीत घालून कचेरीत देऊन आले, त्यांनी पोच दिली, एखादा जुना पंखा जमा केल्यासारखी. व्यायामशाळेवरचं तुझं नाव एका दुपारीत पुसलं गेलं, पण रंग पातळ मारल्यामुळे ते खालून अजून दिसतं, मी जाऊन पाहिलं. टीव्हीवर चार माणसं बसली, त्यांतल्या एकालाही वल्हं कुठल्या बाजूने धरतात ते सांगता येणार नाही, आणि ती माणसं आजकालच्या मुलींच्या संस्कारांवर बोलत होती. मामाने फोटो उतरवला. तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिला, तर त्याने घड्याळ लावलं.

मी मामाला त्या दिवशी सोडलं नाही. म्हटलं, मामा, तू केस कशाने काळे करतोस? वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरच्या त्या जोमाच्या गोळ्या कपाटात कपड्यांमागे कोण ठेवतं? शेजारच्या काकू मुलीला परीक्षेच्या आधी जागं राहायच्या गोळ्या देतात आणि वर कौतुकाने सांगतात, की बघा किती अभ्यास करते. तुमच्या कचेरीतले साहेब सकाळी झोप उडवायला एक घेतात आणि रात्री झोप यायला दुसरी. सगळ्यांना आपण आहोत त्यापेक्षा जास्त दिसायचं आहे, जास्त टिकायचं आहे, आणि सगळ्यांनी मिळून पापी कोण ठरवली, तर एक उंट. आई म्हणाली, मोठ्यांशी असं बोलू नये. मी म्हटलं, मोठ्यांनी मग मोठ्यांसारखं वागावं. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी मामाने गुपचूप माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची साय वाढली. आमच्याकडे माफी अशीच मागतात, आणि फोटो मात्र भिंतीवर परत लागत नाही.

पण म्हणून तुझी सुटका नाही हं. समाजाने ढकललं, सर-डॉक्टरांनी मिळून सुई धरली, सगळं खरं, पण दंड तुझाच होता आणि बाही तूच वर केलीस. हे तुला माझ्याइतकं कोणी प्रेमाने सांगणार नाही. जिला चौथा नंबर देऊन आपण तिसऱ्या झालो, ती परदेशी जोडी मला रोज आठवते. त्या दोघीही कुठल्यातरी विमानतळावर हात वर करून उभ्या राहिल्या असतील, आणि फुलं घेतलेली माणसं त्यांना ओलांडून गेली असतील. त्यांच्या मामांनीही विचारलं असेल, की नंबर कितवा आला.

आता इकडची बातमी. बोटघरात सगळं तसंच आहे, तुझ्या रबरी चपला अजून खिळ्याखाली आहेत, मी कोणाला हात लावू देत नाही. तुझ्या जागेवर सरांनी मुंगीला बसवलंय. आठवते ना, लहान गटातली, सारखी काहीतरी उचलून नेत असलेली, तुझ्या प्रत्येक शर्यतीला सगळ्यांत पुढे येऊन ओरडणारी. पहिल्या दिवशी ती बोटीत पाय ठेवेना. मला म्हणाली, ताई, त्या रागावणार तर नाहीत ना? मी म्हटलं, उंट रागावला तर मी बघून घेईन. ती अजून तुझी बाजू घेऊन भांडते, तिच्या वर्गातल्या मुली तुला काही बोलल्या तर. तिची आई शिवणकाम करते आणि तिने आत्तापासून गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली आहे, की आमची मुलगी वीज कंपनीत लागणार. तेच साहेब, तेच हसू, तीच अट.

आणि तिच्या हातात तेच वल्हं आहे, लाल पट्टीचं. सरांनी कडं हलवलेलं नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, सर, हे वल्हं हिच्यासाठी फार जड आहे, कडं मागे घ्या. कोणीही घेतलं असतं, मुलगी अजून वाढीच्या वयाची. सर म्हणाले, राहू दे, येईल ती त्या वजनाला. मला वाटलं मेहनतीबद्दल बोलतायत. मेहनत तिने केली, नाही असं नाही, हातांची सालटी निघाली. पण बोट आता उलटीकडे वळायची, तिच्या बाजूला, कारण माझा जोर जास्त पडत होता. पहिल्यांदाच माझा! मी पुन्हा बुटात रबराचा तुकडा कोंबला, या वेळी दुसऱ्या अंगाने, आणि तिला सांगितलं, की तू कमी पडत नाहीस, वल्हं जड आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, सर म्हणतात थोडा धीर धर. तेवढ्यात तिला डॉक्टरांच्या खोलीतून बोलावणं आलं. मी तिला विचारलं, सुईला घाबरतेस का गं? ती म्हणाली, छे, मी तर रक्त देताना बघत बसते.

सुनावणीत मी एकटी बोलले तर काय होणार ते मला दिसतंय. म्हणतील, पदक गेलं म्हणून जळफळाट आहे. त्या कड्याचं मी सांगितलं तर सर म्हणतील, वल्ही आम्ही नेहमीच जुळवतो, त्यात काय. ते कडं कोणत्या अंगासाठी सरकवलं होतं, हे फक्त ज्या अंगासाठी सरकवलं तेच सांगू शकतं. तुझी बंदी कमी होणार नाही, कदाचित वाढेल. नोकरी गेली आहे, ती परत येणार नाही. लहान मुलींना शिकवायचं काम मिळणार नाही. हे सगळं मला समजतं, काकांची कंबरही समजते, आणि तरी मागते आहे. कारण त्या कामाचा विचार कर. बंदी संपली की लहान मुली ओळीने तुझ्यासमोर उभ्या राहतील, आणि तुझ्या हातात पाना असेल.

हे पत्र मी महिनाभर लिहायचं टाळत होते. तू बरी हो, उठ, बाहेर पड, मग भांडू असं ठरवलं होतं. टायपिस्टबाईंचं ऐकूनही मी फक्त चिडले होते, लिहायला बसले नव्हते. आज बसले ते कालच्या सकाळमुळे. मुंगी पुढे होती, मी मागे. तिने सदरा काढला तेव्हा खांद्याजवळ लाल पुळ्या दिसल्या. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, नवीन साबण लावलाय ताई. आम्ही निघालो. पाणी स्थिर होतं, वारा नव्हता. मी वाट बघत होते, आता वळेल, आता वळेल, आणि चवडा फिरवायला तयार होते. कडं कोणी हलवलेलं नाही, लाल पट्टी जिथल्या तिथे आहे, येताना मी बोटांनी चाचपून पाहिली. पण काल माझा पाय नुसता बुटात होता, उंटा. बोट सरळ गेली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी तुझ्या दारात येते. झोपली आहे म्हणून सांगू नकोस.

तुझ्या मागे बसणारी, तुझीच
उंटावरची शहाणी